समुपदेशक पाहिजे? मग खोलीचंही लिहा!

जून जवळ आला की ‘पाहिजेत’च्या चौकटी सुरू होतात. हल्ली त्यांत शिक्षक, शिपाई यांच्या खाली आणखी एक ओळ दिसते : ‘समुपदेशक – एक जागा. एम.ए. मानसशास्त्र. संस्था सांगेल ती कामे करावी लागतील. मूळ प्रमाणपत्रांसह स्वखर्चाने समक्ष भेटावे.’ अन् मग संस्थाचालक म्हणतात, ‘‘खेड्यात कोणी यायलाच तयार नाही हो!’’

अहो, यावं कसं? पगार लिहिलेला नाही. राहायचं कुठं, शेवटची एसटी कितीला, पत्ता नाही. आणि ‘सांगेल ती कामे’ म्हणजे काय, हे शिकलेल्या पोरीला बरोबर कळतं. रिकामे तास घ्या, पेपर तपासा, वर छडी घेऊन शिस्तही बघा! ज्या बाईंनी सकाळी कान धरला, त्यांच्याजवळ वसतिगृहातलं पोर संध्याकाळी मन कसं मोकळं करील?

आता हा विषय टाळता येणार नाही. विशाखापट्टणमच्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी मार्गदर्शक तत्त्वे दिली. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. पट कमी असेल तर बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर संबंध जोडायचा.

यातला ‘सामाजिक कार्यकर्ता’ हा शब्द आपल्या कामाचा आहे. मुलांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला एम.एस.डब्ल्यू. चालतो, आणि तो कदाचित शेजारच्याच तालुक्यात नोकरी शोधत असेल. जाहिरातीत नुसतं एम.ए. मागितलं की तो अर्जच करत नाही. काही ठिकाणी तर ‘मनोविकारतज्ज्ञ’ छापतात. तो औषध लिहून देणारा डॉक्टर. तो तुमच्या पगारात यायचा नाही.

तेव्हा यंदा असं काही लिहून पाहा : ‘निवासी शाळेसाठी समुपदेशक. एम.ए. मानसशास्त्र किंवा प्रशिक्षित एम.एस.डब्ल्यू. काम – मुलांशी व पालकांशी बोलणे, गरजेनुसार जिल्हा रुग्णालयात पाठविणे. तासिका व शिस्तीचे काम नाही. बोलण्यासाठी दार लागणारी स्वतंत्र खोली. राहण्याची सोय. पगार दरमहा...’

आणि त्या टिंबांच्या जागी आकडा घाला बरं का! चौकट मोठी होईल, चार पैसे जास्त पडतील. पडू द्यात.