गरोदरपणातली मुकी उन्हाळी

लघवीला जळजळ व्हायला लागली की आपण म्हणतो, उन्हाळी लागली. मग घरात सब्जा भिजतो, धने-जिऱ्याचं पाणी होतं. पण एक उन्हाळी अशी असते, की ती लागलेली कळतच नाही. जळजळ नाही, ओटीपोटात दुखत नाही, ताप नाही, आणि लघवीत जंतू मात्र लाखांनी. मी तिला मुकी उन्हाळी म्हणते. एरवी धडधाकट बाईला अशा जंतूंसाठी औषधसुद्धा देत नाहीत. गरोदरपणात मात्र ती शोधून काढावीच लागते.

मी पुष्कळ वर्षं आरोग्य सेविका होते. आमच्या भागातून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. एका वर्षी पाचवा महिना लागलेली एक पोर नवऱ्याबरोबर कोयत्यावर गेली. जायच्या आधी मीच तिला तपासलं होतं. कार्डावर माझ्याच हातानं लिहिलं, ‘लघवी तपासणी : नॉर्मल’. सातव्या महिन्यात फडात तिला थंडी वाजून ताप भरला, एका कुशीत दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या. दोन दिवस दुकानातल्या गोळ्यांवर काढले. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेली, तेव्हा संसर्ग किडनीपर्यंत गेला होता. बाळ आठव्या महिन्यातच झालं, पावणेदोन किलोचं. दोघं वाचली.

मग मी लिहिलेलं नॉर्मल काय होतं? उपकेंद्रात आपण लघवी बघतो ती मुख्यतः दोन गोष्टींसाठी. एक, प्रथिनं जातात का, म्हणजे रक्तदाबाच्या आजाराची चाहूल. दुसरी, साखर. या दोन्ही तपासण्या हव्यातच, पण त्यात जंतू कळत नाहीत. जंतू कळतात ते लघवीच्या कल्चरमध्ये. तिचं कल्चर झालंच नव्हतं. ती घरून निघाली तेव्हा जंतू होते की नव्हते, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. बघितलंच नव्हतं ना कुणी.

गरोदरपणातच हे का होतं? गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळे किडनीकडून येणाऱ्या लघवीच्या नळ्या सैल पडतात, आणि वाढतं गर्भाशय त्यांच्यावर दाबही टाकतं. जी लघवी सरसर खाली यायची ती वाटेत रेंगाळते, आणि पिशवीतल्या जंतूंना वर चढायला वाट मिळते. हे जंतू बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातले, ई. कोलाय नावाचे. बाईची लघवीची वाट जेमतेम तीन-चार सेंटिमीटर लांब आणि शौचाच्या वाटेला लागूनच, त्यामुळे त्यांना फार लांब जावं लागत नाही. म्हणून सासूबाईंनो, सुनेच्या लघवीत जंतू निघाले तर ती अस्वच्छ राहते असा अर्थ काढू नका.

100 गरोदर बायांमध्ये साधारण 2 ते 10 जणींना ही मुकी उन्हाळी असते. औषध दिलं नाही, तर त्यांच्यातल्या दहापैकी तिघींपर्यंत पुढे किडनीचा संसर्ग होऊ शकतो. बाळ दिवस भरायच्या आधी येणं, वजनाला कमी भरणं, हा धोकाही वाढतो. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात डॉ. एडवर्ड कास यांनी 1950 च्या दशकापासून याचा अभ्यास केला. एक मिलिलिटर लघवीत एक लाख जंतू असले तर संसर्ग धरायचा, हे माप त्यांच्याच कामातून आलं. जागतिक आरोग्य संघटनेनंही 2016 साली गरोदर बायांसाठी कल्चरची शिफारस केली आहे.

तेव्हा पहिल्या तपासणीला गेलात, की स्पष्ट विचारा, ‘माझं लघवीचं कल्चर होणार का?’ तिसरा-चौथा महिना त्यासाठी चांगला. सगळ्याच आरोग्य केंद्रांत ही सोय नसते. तिथं नसली तर कुठे होईल ते विचारून चिठ्ठी घ्या. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची खास तपासणी असते, त्या दिवशी डॉक्टरांच्या कानावर घाला.

नमुना नीट दिला नाही तर सगळं वाया जातं. आधी हात धुवा, मग जागा साध्या पाण्यानं पुढून मागे धुवा. लघवीची पहिली धार सोडून द्या, मधली धार दवाखान्यातल्या निर्जंतुक डबीत घ्या. घरची धुतलेली बाटली चालत नाही, आणि डबीला आतून बोट लावायचं नाही. नमुना तिथंच द्या. घरून नेऊन उन्हात दोन तास राहिला तर बाटलीतच जंतू वाढतात आणि रिपोर्ट खोटा येतो.

रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. जंतूंवर कोणतं औषध चालेल तेही त्यात कळतं, म्हणून गोळ्या डॉक्टरांनीच ठरवायच्या. जावेच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका. काही औषधं गरोदरपणात चालत नाहीत. साधारण सात दिवसांचा कोर्स असतो. मुळात त्रासच नसतो, म्हणून बाया तिसऱ्या दिवशी गोळ्या सोडतात, आणि घोळ होतो तो इथंच. कोर्स संपल्यावर पुन्हा कल्चर करून घ्यावं लागतं. सब्ज्याला माझी ना नाही, खुशाल प्या, पण त्यानं जंतू मरत नाहीत.

तोडीला जाणाऱ्या बायांनो, टोळी निघायच्या निदान पंधरा दिवस आधी कल्चर करा, म्हणजे रिपोर्ट आणि औषध दोन्ही गावातच होईल. रिपोर्ट कार्डाला टाचून बरोबर न्या, मोबाइलवर फोटोही काढून ठेवा. फडात लघवी दाबून ठेवू नका, पाणी प्यायचं टाळू नका. आडोसा नाही म्हणून बाया दोन्ही करतात, हे मला ठाऊक आहे. मुकादमाकडे आडोशाची मागणी चार जणींनी मिळून करा. आणि थंडी वाजून ताप आला, कूस दुखली, तर कोपीत पडून राहू नका. 108 ला फोन करा, त्याच दिवशी.