पुस्तकांबरोबर खुर्च्याही मोजा

भिवंडीसारख्या शहरात सार्वजनिक ग्रंथालयाने काय द्यावे, असे विचारले तर पहिले उत्तर येते ते पुस्तकांचे. ते बरोबर आहे, पण अपुरे आहे. 2011 च्या जनगणनेत सात लाखांवर लोकवस्ती नोंदवलेले हे शहर यंत्रमागावर पोसले गेले. मागांची खडखड भिंतीपलीकडून दिवसरात्र येत राहते. पाळी बारा-बारा तासांची. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेले कामगार भिशीत, म्हणजे सामुदायिक खानावळीत, जेवतात आणि एकाच खोलीत पाळीपाळीने झोपतात. चाळीतल्या कुटुंबातही दहावीच्या मुलीचा अभ्यास, धाकट्याचा खेळ आणि घरचा टीव्ही एकाच खोलीत चालतो. इथे पुस्तक हाती लागले तरी निम्मेच काम होते. ते उघडून तासभर बसायला शांत, उजेडाची आणि कुणी उठवणार नाही अशी जागा मिळाली, तरच उरलेले निम्मे होते. म्हणून भिवंडीत ग्रंथालयाची थोरवी कपाटांइतकीच खुर्च्यांवरूनही ठरली पाहिजे.

आपली व्यवस्था मात्र कपाटांकडे झुकलेली आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 चा. त्याखाली ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि वर्गानुसार अनुदान ठरते. वर्ग देताना ग्रंथसंख्या, सभासद, नियतकालिके, कामाचे तास पाहिले जातात. हे निकष गैर नाहीत. पण मुक्तद्वार विभागात येऊन वर्तमानपत्र वाचणारा माणूस वर्गणीदार नसतो, त्यामुळे तो सभासदांच्या आकड्यात दिसत नाही. दुपारी पाळी संपवून आलेला कामगार आधी नोकरीच्या जाहिराती पाहतो, मग गावाकडची बातमी शोधतो, शेवटी अग्रलेखावर थांबतो. देवघेवीच्या वहीत त्याच्या नावावर एकही पुस्तक चढत नाही. तरीही ग्रंथालय ज्यासाठी काढायचे, ते त्या दुपारी पूर्ण झालेले असते.

यावर जाणकारांचा पहिला आक्षेप अभ्यासिकेवर असतो. मुले स्वतःची गाइडे घेऊन येतात, स्पर्धा परीक्षेची तयारी करतात आणि कपाटाला हातही लावत नाहीत. याला वाचनसंस्कृती कसे म्हणायचे? या तक्रारीत तथ्य आहे. पण जो मुलगा किंवा मुलगी वर्षभर रोज ग्रंथांच्या सहवासात बसते, तिला वाचक करण्याची याहून चांगली संधी ग्रंथालयाला कुठे मिळणार? अडचण अनेकदा मांडणीत असते. जिथे पुस्तक चिठ्ठी देऊन मागवावे लागते आणि कर्मचारी आतून येऊन ‘बाहेर गेलंय’ म्हणतो, तिथे नवखा वाचक दुसऱ्यांदा विचारत नाही. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. वाचकाला कपाटापर्यंत थेट जाऊ द्यावे, हा त्यांचा आग्रह होता. अभ्यासिकेच्या दारातच चरित्रे, कथासंग्रह, दिवाळी अंक उघड्या मांडणीवर ठेवले, तर गाइडातून वर उठणारी नजर कुठेतरी पडेलच. शिवाय कितीतरी घरांतून मुलीला संध्याकाळी बाहेर बसायची मुभा मिळते ती फक्त ग्रंथालयासाठी. ती जागा बंद केली तर तिचा अभ्यासही बंद होतो.

दुसरा आक्षेप मोबाइलचा. सगळे हातात असताना इमारत कशाला? पण मोबाइल मजकूर देतो, शांतता देत नाही; आणि भिवंडीत टंचाई आहे ती शांततेची. तिसरा आक्षेप भाषेचा असतो. मराठी वाचनालयात उर्दू, हिंदी, तेलुगू पुस्तके ठेवली तर त्याचे मराठीपण पातळ होईल, अशी भीती काहींना वाटते. ही भीती मला समजते, पण पटत नाही. उर्दूत शिकलेला तरुण किंवा तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरातली मुलगी आपल्या भाषेतल्या दोन कपाटांसाठी आत आली, तरच शेजारचे मराठीचे कपाट तिच्या नजरेस पडेल. दाराबाहेर राहिलेल्या माणसाला कोणतीच भाषा आपलीशी करता येत नाही.

खरा आणि जड आक्षेप पैशाचा आहे. खुर्च्या, पंखे, दिवे, स्वच्छतागृह आणि रात्री उशिरापर्यंत थांबणारा माणूस, या सगळ्याला दरमहा खर्च येतो. तुटपुंज्या अनुदानावर चालणाऱ्या संस्थेने तो कुठून करावा? मद्रास प्रांताने 1948 च्या कायद्यात आणि कर्नाटकने 1965 च्या कायद्यात ग्रंथालय उपकराची सोय केली. महाराष्ट्राने ती केली नाही. उपकर लगेच येईल असे नाही. पण महापालिकेला जागा देता येते, वीजबिल उचलता येते, शाळांच्या खोल्या संध्याकाळी अभ्यासिकेसाठी उघडता येतात. अनुदानाच्या निकषांतही रोज बसून वाचणाऱ्यांच्या नोंदवहीला ठळक वजन देता येईल. वेळा तर आजच बदलता येतील: पाळी सुटायच्या वेळी कुलूप लागणारे ग्रंथालय कामगाराच्या उपयोगाचे नाही. भिवंडीने पुढच्या अंदाजपत्रकात ग्रंथखरेदीबरोबर बसण्याच्या जागांचीही तरतूद मागावी. पुस्तके विकत घेण्याची ऐपत एखाद्याला उद्या येईलही. निवांत खोली विकत घेण्याची ऐपत इथल्या बहुतेकांना लवकर येणार नाही. ती सर्वांनी मिळूनच उभारावी लागेल.