मोटारीच्या काचेवरील हिम काढणे
हिवाळ्यात उघड्यावर उभ्या असलेल्या मोटारीच्या काचांवर रात्रीतून साचलेला हिमाचा थर प्रवासापूर्वी दूर करण्याची ही क्रिया आहे. निरभ्र रात्री काच उष्णता आकाशाकडे उत्सर्जित करून भोवतालच्या हवेहूनही थंड होते. म्हणून हवेचे तापमान शून्याच्या किंचित वर असतानाही तिच्यावर हिमकण जमतात. महाबळेश्वरच्या वेण्णा तलाव परिसरात मोटारींच्या टपांवर दव गोठते, तेही याच प्रकारे.

काचेवर उकळते पाणी ओतणे हा सर्वांत सोपा वाटणारा, पण घातक उपाय होय. काच एकाएकी व असमान प्रसरण पावून तडकू शकते. आधीची बारीक चीर असल्यास ही शक्यता अधिक. शिवाय ओघळलेले पाणी पुन्हा गोठते. त्याऐवजी गरम हवेचा झोत काचेकडे वळवून तापमान हळूहळू वाढवावे व सैल झालेला थर प्लास्टिकच्या खरवडणीने काढावा. धातूच्या वस्तूने काचेवर ओरखडे उठतात. गोठून चिकटलेले वायपर मोकळे होण्यापूर्वी चालवू नयेत. आतील धुके घालवण्यास वातानुकूलन यंत्र उपयोगी पडते, कारण ते हवेतील बाष्प शोषते.

बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणे प्राणघातक ठरू शकते. कार्बन मोनॉक्साइडला रंग वा वास नसल्याने धोका कळतच नाही. धूर बाहेर टाकणारी नळी बर्फाने बुजली असल्यास तोच वायू मोटारीत शिरतो. ती प्रथम मोकळी करावी.

ब्रिटनच्या ‘हायवे कोड’मधील नियम २२९ नुसार सर्व काचा स्वच्छ करणे आवश्यक आहे, समोर हातभर झरोका पाडून निघणे पुरेसे नाही. जर्मनीत उभ्या मोटारीचे इंजिन विनाकारण चालू ठेवण्यास मनाई असल्याने तेथे खरवडणीवरच भिस्त असते.