महानगरीतील ग्रामगीत

खेड्यातील गाणे नागर कानांस रुचेल काय? शिकागो महानगरीत या प्रश्नाचे उत्तर १९२४ साली मिळाले. सीअर्स-रोबक या पेढीने १२ एप्रिल रोजी डब्ल्यू. एल. एस. हे नभोवाणी-केंद्र उघडिले. टपालाने माल मागविणारे शेतकरी हे तिचे मोठे गिऱ्हाईक. सबब पुढल्याच शनिवारी रात्री फिडल-बँजोच्या साथीने ‘नॅशनल बार्न डान्स’ ही ग्रामगीतांची बैठक सुरू झाली. १९२८ त केंद्र ‘प्रेअरी फार्मर’ या कृषिपत्राकडे गेले, तरी बैठक मोडली नाही. १९६० त मात्र नव्या मालकांनी रॉक संगीत आणिले, आणि छत्तीस वर्षांची ही बैठक तेथून उठली.

तात्पर्य, पेढीच्या आश्रयाने वाढलेले गाणे पेढीच्या हिशेबाने थांबते; घरच्या वृद्धांच्या कंठातील गाणे मुलांनी उचलिले, तरच टिकते.