गाडी उचलत नाही? पंप उतरवण्याआधी
जुनी डिझेल गाडी : लेखांक ४

बडोद्यात फतेगंजच्या उड्डाणपुलावर माणसांनी भरलेली जुनी तवेरा तिसऱ्या गिअरमध्ये रेंगाळू लागली, की चालकाच्या तोंडून एकच वाक्य निघतं, "गाडी उचलत नाही." बडोदं सपाट आहे, त्यामुळे हा दोष इथे महिनोन्‌महिने लपून राहतो. सुट्टीत सापुताऱ्याच्या घाटाने नाशिककडे निघालेल्या कुटुंबाला तो कळतो तेव्हा डिकी भरलेली असते, एसी चालू असतो आणि मागे ट्रकांची रांग लागलेली असते.

तवेराचं उदाहरण घेण्याला कारण आहे. ही गाडी बडोद्याजवळच्या हालोलच्या कारखान्यात तयार व्हायची. ती २००४ साली बाजारात आली. तिचं २४९९ सीसीचं इंजिन मूळ इसुझूचं, ताकद सुमारे ८० अश्वशक्ती. जुलै २०१३ मध्ये उत्सर्जनाच्या प्रश्नावरून जनरल मोटर्सने सुमारे १ लाख १४ हजार तवेरा परत बोलावल्या होत्या. २०१७ मध्ये कंपनीने भारतातली विक्री थांबवली. गाड्या मात्र रस्त्यावर राहिल्या, आणि त्यांची देखभाल गल्लीतल्या गॅरेजवर आली.

अशी गाडी गॅरेजमध्ये गेली की पहिलं नाव निघतं ते डिझेलच्या इंजेक्शन पंपाचं. "पंप कमजोर झालाय, कॅलिब्रेशन करावं लागेल." कधी कधी ते खरंही असतं. पण पंप उतरवणं हे खर्चाचं काम आहे, आणि परत बसवताना टायमिंग चुकलं तर जुन्या दुखण्यात नव्याची भर पडते. म्हणून पंपाची पाळी शेवटी यायला हवी.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. पुरेशी हवा, ती तापेल इतका दाब आणि योग्य क्षणी बारीक फवारलेलं डिझेल, एवढ्यावर ते चालतं. ताकद गेली म्हणजे या तिघांपैकी काहीतरी कमी पडतंय. काय कमी पडतंय, याचा पहिला पुरावा सायलेन्सरमधून बाहेर येतो. चढावर काळा धूर असेल तर हवा कमी पडतेय किंवा नोजल नीट फवारत नाही. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत असेल तर टायमिंग, कॉम्प्रेशन किंवा पाणी आत शिरण्याचा संशय घ्यावा. निळा धूर ऑइल जळण्याचा. आणि गाडी अशक्त आहे पण धूर मुळीच नाही, तर बहुतेक वेळा इंजिनाला डिझेलच पोचत नाही.

पण त्याआधी इंजिन निर्दोष आहे का, हे बघावं. रेस वाढते, इंजिन ओरडतं, पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. सपाट रस्त्यावर सोडलेली गाडी लगेच थांबते आणि एखादं चाक इतरांपेक्षा जास्त तापतं, म्हणजे ब्रेक चिकटलेला आहे. तिसरी तपासणी दोन माणसांची. इंजिन बंद ठेवून एकाने पेडल तळापर्यंत दाबायचं, दुसऱ्याने बॉनेटखाली पंपावरचा लिव्हर शेवटच्या स्क्रूला टेकतो का ते बघायचं. केबल ताणली गेली असेल किंवा पेडलखाली जाड मॅट असेल, तर तो टेकत नाही. मग पंप चांगला असूनही पूर्ण डिझेल सोडत नाही.

आता हवा. १ लिटर डिझेल पूर्ण जळायला सुमारे १० हजार लिटर हवा लागते, आणि प्रत्यक्षात इंजिनाला त्याहून जास्तच हवी असते. त्यामुळे धुळीने बसलेला एअर फिल्टर गाडीचा गळा आवळतो. टर्बो असेल तर त्याच्या रबरी होसला हात लावून बघावा. चीर बहुधा खालच्या बाजूला, क्लिपजवळ असते. तिथे तेलकट काळा डाग दिसतो आणि रेस दिल्यावर फुसफुस ऐकू येते.

डिझेलच्या बाजूला सगळ्यात जास्त फसवणारा दोष म्हणजे लाइनने एअर घेणं. टाकीपासून पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं. त्यामुळे वाटेत सैल जोड असला तर तिथून डिझेल गळत नाही, उलट हवा आत शिरते. जमिनीवर एक थेंबही दिसत नाही. पंपाच्या तोंडाशी हातभर पारदर्शक नळी जोडून इंजिन चालवलं की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. अमेरिकेत १९९३ मध्ये कमी गंधकाचं डिझेल आलं, तेव्हा जुन्या पंपांच्या रबरी सीलमधून गळतीच्या तक्रारी सुरू झाल्या होत्या. इंधनाची घडण बदलली की कडक झालेलं जुनं रबर आकसतं. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून देशभर १० पीपीएम गंधकाचं डिझेल मिळतं, तेव्हा जुन्या गाडीचे सील आणि नळ्या वयाप्रमाणे बदलायलाच हव्यात.

यानंतरची कसोटी निर्णायक आहे. टाकीची लाइन सोडवून, पंपाला नव्या फिल्टरमधून स्वच्छ डिझेलच्या डब्याशी थेट जोडायचं, डबा घट्ट बांधायचा आणि गाडी चढावर न्यायची. ती उचलू लागली, तर पंप निर्दोष आहे. दोष टाकीतल्या जाळीत, चेपलेल्या नळीत किंवा जुन्या फिल्टरमध्ये आहे. टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं तरी हेच होतं. झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला, तर तिथेच थांबावं.

डब्यावरही गाडी तशीच राहिली, तर नोजल आणि कॉम्प्रेशन तपासावं. धडधाकट इंजिनात कॉम्प्रेशन साधारण २५ ते ३० बार मिळतं, आणि आकड्याइतकाच सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा असतो. टर्बोचा दाब आणि इंजेक्शनचं टायमिंगही बघावं. हे सगळं ठीक निघालं, तरच पंप उतरवावा.

गाडी गॅरेजमध्ये देताना तीन गोष्टी कागदावर लिहून द्या : ताकद एकदम गेली की हळूहळू, थंड असताना की तापल्यावर, आणि धूर कोणत्या रंगाचा. पंप उतरवायला होकार देण्याआधी डब्यावरची चाचणी स्वतःसमोर करून घ्या. पुढच्या लेखांकात टर्बोबद्दल.