विजेवरील वाहनांचे चार्जिंग : रास्त दर कोणता?

गंगाखेड, पालम, जिंतूर, सेलू, पाथरी अशा तालुक्यांतून रुग्णांचे नातेवाईक परभणीस येतात, तेव्हा औषधोपचाराइतकीच प्रवासखर्चाचीही चिंता त्यांना असते. विजेवरील वाहने आता रस्त्यांवर दिसू लागली आहेत. रुग्णालयाच्या आवारात चार्जिंगची सोय करावयाची झाल्यास तिचा दर काय असावा, हे दाते, विश्वस्त व नातेवाईक या सर्वांनी समजून घेणे इष्ट आहे.

चार्जिंग ही वीजविक्री नसून सेवा आहे व तीस परवाना लागत नाही, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केले. म्हणून करांखेरीज देयकाचे दोन भाग पडतात : वीज आकार आणि सेवा आकार.

सप्टेंबर २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार चार्जिंग केंद्रास मिळणाऱ्या विजेचा दर सरासरी पुरवठा खर्चाशी जोडलेला आहे. सकाळी ९ ते दुपारी ४ या सौरकाळात तो खर्चाच्या ०.७ पट, तर इतर वेळी १.३ पट असावा. सेवा आकाराची कमाल मर्यादा मंद चार्जिंगसाठी युनिटमागे अनुक्रमे ३ व ४ रुपये, तर जलद चार्जिंगसाठी ११ व १३ रुपये आहे. महाराष्ट्रात प्रत्यक्ष वीजदर राज्य विद्युत नियामक आयोग ठरवितो.

उदाहरणादाखल पुरवठा खर्च १० रुपये धरू. २० युनिटांस मंद यंत्रावर दिवसा २०० व रात्री ३४० रुपये पडतील. जलद यंत्रावर हीच रक्कम ३६० व ५२० रुपये होईल. कर वेगळे. जलद यंत्र महाग असते आणि लहान शहरात ते बराच काळ रिकामे राहिल्यास त्याचा भार मोजक्याच ग्राहकांवर पडतो.

३.३ किलोवॉटच्या मंद यंत्रावर २० युनिटांस सुमारे ६ तास लागतात. बाह्यरुग्ण विभागात दिवस घालविणाऱ्यांस ते सोयीचे आहे. परंतु रात्री अत्यवस्थ रुग्णास घेऊन येणाऱ्यास वेळ निवडता येत नाही. त्याच्याकडून रात्रीचा सेवा आकार न घेणे हेच न्याय्य होय.

मात्र ही सवलत देणगीतून देऊ नये. तो पैसा रुग्णांच्या औषधोपचारासाठी आहे. दिवसाच्या सेवा आकारातून, मर्यादेत राहूनच, ती भरून काढावी. चार्जिंगचा हिशेब स्वतंत्र ठेवावा आणि दराचे दोन्ही भाग यंत्रावर मराठीत ठळकपणे लिहावेत. दर दिसतो, तेथेच तो रास्त आहे की नाही हे तपासता येते.