टोकाकडे उजळत जाणारे केस

मुळाशी काळेभोर आणि टोकाकडे हळूहळू मधाळ होत जाणारे केस सध्या सर्रास दिसतात. १९७० च्या दशकात पॅरिसच्या सलूनमध्ये रुजलेली ही ‘बालायाज’ पद्धत. यात ब्लीच ब्रशने, हातानेच फिरवतात. मुळांजवळ अगदी विरळ, टोकांना भरपूर.

काळ्या केसांवर फिकट रंग नुसता लावून दिसत नाही. आधी आतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य कमी करावं लागतं. ब्लीचमधला अमोनियासारखा अल्कली केसाचं खवलेदार आवरण फुलवतो आणि आत शिरलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड मेलॅनिन फोडतं. त्यामुळे केस आधी लालसर, मग नारिंगी, शेवटी पिवळे होतात. नेमकं कुठे थांबायचं, यातच खरं कसब आहे.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. रंगाला ठळक सीमारेषाच नसल्यामुळे नवी वाढ खटकत नाही आणि पुन्हा पुन्हा ब्लीच करावं लागत नाही.

मात्र ब्लीच केसातल्या केराटिन या प्रथिनामधले गंधकाचे बंधही तोडतं आणि टोकं तर आधीच सर्वांत जुनी, झिजलेली असतात. बाजारच्या काही मेंद्यांमध्ये धातूंचे क्षार असतात. त्यांची पेरॉक्साइडशी गाठ पडताच केस तापून तुटू शकतात. म्हणून मेंदी लावली असेल तर सलूनमध्ये आधी सांगा आणि एका बटेवर चाचणी करून घ्याच.